पहाटेची पळापळ

"याक ओडाक हत्तीरी?" असे दुधाच्या गाडीवरच्या अण्णांनी आम्हाला पहिल्याच दिवशी विचारले. का पळताय? प्रश्नात चेष्टा नव्हती, काळजी होती. पहाटे साडेपाचला चार पोक्त माणसे कारखान्यांच्या रस्त्याने धापा टाकीत निघालेली दिसली, तेव्हा कुणाच्या तरी घरी काही बरेवाईट झाले असावे असा त्यांचा समज झाला. आम्ही 'व्यायाम' म्हणालो. त्यांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले, "सावकाश" म्हणाले आणि किक मारून निघून गेले. (सावकाश हा शब्द इथल्या कन्नडमध्येही सावकाशच असल्याने तो आम्हाला दोन्ही भाषांत लागू पडला.)

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. तेव्हाचे चौघे आज अकराजण आहोत. सगळे आपल्याच शाळेचे पालक किंवा माजी विद्यार्थी. कुणी तारिहाळच्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, कुणाचे किराणा दुकान आहे, एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत, दोघी गृहिणी, एक बँकेतल्या ताई. आमच्यात एकही खेळाडू नाही. शाळेत असताना शर्यतीत बक्षीस मिळालेला तर औषधालाही सापडणार नाही. अशा माणसांनी वार्तापत्रात धावण्यावर लिहावे हे थोडे धाडसाचेच आहे. पण या अंकात लिहिण्याला एक कारण आहे. ते पुढे येईलच.

सुरुवात कशी झाली ती आधी सांगतो. आमच्यातल्या एकाची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. एकट्याने चालायचा कंटाळा म्हणून त्यांनी शेजाऱ्याला ओढले, शेजाऱ्याने मेहुण्याला. चालता चालता एक दिवस मेहुणे म्हणाले, "पुढच्या खांबापर्यंत पळू या." पळालो. खांब दोनशे पावलांवर असेल. तिथे पोचल्यावर चौघेही कमरेवर हात ठेवून वाकून उभे होतो आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना कठड्याला धरून आडवे उतरावे लागले. घरच्या मंडळींना दिवसभर पुरेल इतकी करमणूक झाली.

पुढे एका पी. टी.च्या सरांनी आमची चूक दाखवून दिली. चूक साधी होती. आम्ही फार जोरात पळत होतो. आपल्याला पळणे म्हणजे शर्यतीतले पळणेच माहीत. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचे. सर म्हणाले, "पळताना शेजारच्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. तरी येत नसेल तर चाला. लाज कसली त्यात?" तेव्हापासून आम्ही दोन मिनिटे पळायचे, दोन मिनिटे चालायचे असे सुरू केले. पाच महिन्यांनी न थांबता पाच किलोमीटर झाले. आमचा वेग किलोमीटरला आठ मिनिटे. बरेच लोक याहून थोडेच सावकाश चालतात. तरी त्या दिवशी रेल्वेतल्या काकांनी सगळ्यांना गिरमिट आणि मिरची भजी खाऊ घातली, आणि जळलेले उष्मांक व्याजासकट परत आले.

या पळण्यात सुख काय, असे आम्हाला फार विचारले जाते. उत्तर देताना आम्ही अडखळतो. तब्येतीचे फायदे सांगणे सोपे आहे. साखर आटोक्यात आली, रात्री झोप लागते, दुकानात दिवसभर उभे राहून पाठ धरायची ती धरत नाही. पण त्यासाठी माणूस उन्हाळ्यात साडेचारला उठत नाही. आपल्याकडचा दिवस कितीही तापला तरी पहाटेला गार वारा असतोच. बायपासच्या पलीकडे शेते आहेत. मृगानंतर त्यात मूग, भुईमूग, मग कापूस, थंडीत जोंधळा. वर्षभरात ही शेते किती रंग बदलतात हे इथे जन्म काढलेल्या आम्हाला चाळिशीनंतर कळले, कारण आजवर या रस्त्याने आम्ही गेलो ते स्कूटरवरून आणि उशीर झालेला असतानाच. रात्रपाळी सुटलेले कामगार चहाच्या टपरीशी उभे असतात. ते हल्ली हात करतात. आणि सगळ्यात मोठे म्हणजे बोलणे. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी पळताना बोलता येते, कारण कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. एकाचा मुलगा दहावीत नापास झाला. ते आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते, ते पहिल्यांदा बोलले ते तिसऱ्या किलोमीटरला.

धावण्यातले हे हौशीपण आपल्याकडे नवे आहे असे म्हणतात. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिच्यात हौशी लोकांसाठी वेगळी छोटी दौड ठेवली गेली आणि तिथून ही लाट पसरली, हे खरेच. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून जाणारी अर्धमॅरेथॉन आहे, पुण्याची तर १९८३ पासूनची. हुबळी-धारवाडातही आता रविवारी सकाळी छातीवर नंबर लावलेली माणसे दिसतात. पण सामान्य माणसाचे पळणे आपल्याकडे याहून जुने आहे, आणि त्याची एक गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. मुलांना ती पाठ्यपुस्तकात भेटणार नाही म्हणून इथे सांगतो.

१९१९-२० च्या सुमाराला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर लांब पल्ल्याच्या शर्यती होत. दोराबजी टाटांनी तिथे शेतकरी पळताना पाहिले. पायात काही नाही, शिकवणारा कुणी नाही, आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी. यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे असे टाटांच्या मनाने घेतले, त्यांनी पदरचे पैसे घातले, आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला हिंदुस्थानचा एक छोटासा संघ गेला. त्यात मॅरेथॉनला दोघे होते. एक सदाशिव दातार आणि दुसरे आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्या वेळी बेळगाव काय, धारवाड-हुबळी काय, सगळेच मुंबई इलाख्यात.

अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरची नव्हती. ती ४२.७५ होती, म्हणजे ऑलिंपिकमधली आजवरची सर्वांत लांब. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. आम्ही गणित करून पाहिले. किलोमीटरला चार मिनिटे पडतात. आमच्या वेगाने तेवढ्या वेळात आम्ही साधारण एकवीस किलोमीटर जाऊ, म्हणजे चौगुले पोचतील तेव्हा आम्ही बरोबर अर्ध्या वाटेवर असू (आणि बहुधा बसलेले असू).

एकोणिसावा नंबर. पदक नाही, आणि बहुतेकांना नावही माहीत नाही. पण आम्हाला ही गोष्ट आवडते ती त्या नंबरासाठीच. जगाच्या शर्यतीत एकोणिसावा येणे म्हणजे काय हे कळायला माणसाने स्वतः एकदा तरी पाच किलोमीटर पळून पाहावे. आणि दातारांचे मधेच थांबणे काय असते, तेही तेव्हाच कळते.

कारण थांबावे लागतेच. आता अडचणींकडे वळतो. हे लिहिले नाही तर लेख म्हणजे औषधाची जाहिरात होईल.

आमच्या अकराजणांत दोन वर्षांत झालेल्या दुखापती अशा: तिघांच्या नडग्या धरल्या, दोघांच्या टाचा दुखावल्या (सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकताना खिळा घुसल्यासारखे होते, त्यांनाच विचारा), एकाचा घोटा मुरगळला, एकांचा गुडघा. घोटा सोडला तर बाकी सगळ्यांचे कारण एकच निघाले, हाव. जमतेय म्हटल्यावर आठवड्याला दहा किलोमीटरचे एकदम वीस केले. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि शिरा आपल्या वेगानेच तयार होतात. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा एक ढोबळ नियम आहे. तो आम्हाला नंतर कळला. कळून उपयोग किती, तेही सांगतो. आमच्यातले एकजण, नियम माहीत असूनही, मोठ्या शहरातल्या एका अर्धमॅरेथॉनला नाव घालून बसले. पैसे भरलेले, टी-शर्ट आलेला, नातेवाइकांना सांगून झालेले. तीन आठवडे आधी नडगी दुखू लागली. घरी बोलले नाहीत. वेदनाशामक गोळी घेऊन पळाले, पदक आणले, आणि त्यानंतर चार महिने त्यांना पळता आले नाही. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. ते पदक आता देवघराशेजारच्या खिळ्याला असते. वहिनी रोज त्यावरची धूळ झटकतात आणि झटकताना काहीतरी पुटपुटतात.

गुडघ्यांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण आम्हाला भेटणारा दर दुसरा माणूस "गुडघे झिजतील" म्हणतो. आम्हालाही ती भीती होती. २०१७ साली बरेच अभ्यास एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला आहे. त्यात गुडघा किंवा खुब्याच्या सांधेझिजेचे प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठे आयुष्य असणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांत १३.३ टक्के आढळले. आता, ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळायला जातात हेही त्यात असणार, तेव्हा आकड्याने हुरळून जायला नको. पण सावकाश, बेताने पळणाऱ्याचे गुडघे झिजतातच ही समजूत मात्र टिकत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना हे सांगितले. ते म्हणाले, "माझे न पळताच झिजले." असो.

हृदयाची गोष्ट गंभीर आहे. अमेरिकेत १९७७ साली जिम फिक्स यांचे धावण्यावरचे पुस्तक आले. लाखो लोक ते वाचून पळू लागले. ते स्वतः पस्तिशीत पळू लागले होते, त्याआधी वजन भरपूर आणि सिगारेटी भरपूर. १९८४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रोजच्यासारखे पळताना ते हृदयविकाराने गेले. तेव्हा लोक म्हणाले, बघा पळून काय झाले. पण त्यांचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते, आणि फिक्स यांच्या रक्तवाहिन्या आतून तुंबलेल्या निघाल्या. पळण्याने त्यांची काही वर्षे वाढली की कमी झाली हे कुणी सांगावे? आपल्याकडेही मोठ्या शर्यतींत क्वचित असे होते. मुंबईच्या शर्यतीत २०२० साली एका ज्येष्ठ नागरिकाचा, साताऱ्याला २०२२ मध्ये एका तरुणाचा जीव गेला. म्हणून आमच्यात नवा माणूस आला की पहिला प्रश्न: वडिलांना, भावाला काही होते का? दुसरा: चढ चढताना छातीत दाब येतो का? चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांकडे. एकजण या प्रश्नांवर चिडून परत गेले. दुसऱ्या एका मामांनी तपासणी केली, त्यात अडथळा निघाला, आणि त्यांच्यावर वेळेत उपचार झाले. मामा आता आमच्याबरोबर येतात, पण चालतात. आमच्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे असतात.

याउलट, फायदा व्हायला फार पळावे लागत नाही, हेही लोकांना खरे वाटत नाही. अमेरिकेत पंचावन्न हजार माणसांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, २०१४ साली असे दिसले की दिवसाला पाच-दहा मिनिटे आणि तेही हळू पळणाऱ्यांतही हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आहे. पाच-दहा मिनिटे! एवढा वेळ तर आपला गॅसची नोंदणी करण्यात जातो.

पावसाळा हा आमचा वार्षिक पराभव. इथली काळी जमीन पहिल्या दोन सरींनंतर बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत एकेक बूट शेराचा होतो. मग शेताची वाट सोडून डांबरी रस्त्यावर यावे लागते. रस्त्यावर कुत्री. कुत्री चालणाऱ्यांना ओळखतात, पळणाऱ्याचा मात्र त्यांना संशय येतो. यावर उपाय म्हणजे ताबडतोब चालू लागणे. आमच्यातल्या एका बाणेदार गृहस्थांनी तसे केले नाही आणि त्यांना रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई यांत मिळून वर्षाचे दोन महिने बुडतात. प्रत्येक खंडानंतर पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात. चौघेजण या खंडांतच गळाले. त्यांना आम्ही दोष देत नाही. रात्री अकराला दुकान बंद करणाऱ्याने पहाटे पाचला उठावे हे सांगायला सोपे आहे.

आमच्याच रस्त्यावर आणखी काही मुले-मुली पळतात. ती आमच्यासारखी हौशी नाहीत. पोलीस भरती, सैन्य भरती, १६०० मीटर, घड्याळ लावून. ती आम्हाला वाऱ्यासारखी मागे टाकतात. त्यांतल्या एका मुलीने एकदा थांबून विचारले, "काकू, तुमची कुठली भरती?" काकूंनी सांगितले की भरती वगैरे नाही, नुसतेच पळतो. मुलीला ते पटले नाही. नोकरीच्या आशेने पळणाऱ्याला बिनकामाचे पळणे ही चैन वाटली तर त्यात तिचे काय चुकले?

बायकांच्या पळण्याबद्दल थोडे. आमच्यातल्या वहिनी पहिल्यांदा सलवार-कमीज आणि बूट घालून बाहेर पडल्या तेव्हा गल्लीत खिडक्या उघडल्या. "या वयात?" हा सौम्य शेरा होता. बाकीचे छापण्यासारखे नाहीत, आणि ते बाहेरच्यांनी नव्हे, आपल्याच समाजातल्या मंडळींनी मारलेले होते म्हणून इथे नमूद करतो. २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाल्या आणि आपल्या वयोगटात पहिल्या आल्या. आजारी नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. तो चित्रपट पाहून आपल्याकडच्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. त्याच मंडळींना शेजारची बाई बूट घालून पळाली की हसू येते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, तिचे फलक आपण शाळेत लावतो. तिच्या वयाच्या आपल्या किती मुली संध्याकाळी मैदानावर दिसतात, हे विश्वस्त मंडळींनी एकदा येऊन मोजावे.

आता ज्या कारणाने हे लिहायला बसलो ते.

गेल्या महिन्यात रेल्वेतल्या काकांना एका ट्रकचा आरसा लागला. पहाटेचे पावणेसहा, धुके, आम्ही कडेने एका रांगेत, ट्रक पाठीमागून. खांद्याला मार बसून काका गटाराच्या बाजूला पडले. हाड मोडले नाही, सहा टाके आणि पंधरा दिवस हात गळ्यात. ट्रक थांबला नाही. चालकाला कदाचित कळलेही नसेल. चार बोटे इकडे-तिकडे झाली असती तर हा लेख वेगळ्या प्रकारचा झाला असता.

हा रस्ता कसा आहे हे तारिहाळकरांना सांगायला नको. कारखान्यांची अवजड वाहने, फुटपाथ नाही, दिवे असतील तर नशीब. बायपासची तर गोष्टच नको. २०२२ च्या मे महिन्यात तारिहाळजवळ कोल्हापूरहून बेंगळूरला निघालेल्या बसची आणि लॉरीची टक्कर होऊन किती जीव गेले, ती रात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. फौजा सिंग हे नाव मुलांनी ऐकले असेल. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी लंडनची पहिली मॅरेथॉन पळाली आणि २०११ साली टोरांटोला, शंभर वर्षांचे असताना, आणखी एक. जन्मदाखला नसल्याने गिनेसच्या पुस्तकात तो विक्रम नोंदला गेला नाही (दाखल्यासाठी शाळेच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या पालकांना हे दुःख कळेल). हे फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये गेले, एकशे चौदाव्या वर्षी. म्हातारपणाने नाही, हृदयविकारानेही नाही. पंजाबात आपल्या गावाजवळ रस्त्यावर त्यांना गाडीने उडवले आणि गाडी पळून गेली.

काकांच्या अपघातानंतर आमच्यापैकी पाच घरांतून पळण्यावर बंदी आली. बरोबरच आहे. आम्हीही आमच्या माणसांना तेच सांगितले असते. पण मग पळायचे कुठे? उणकलच्या तळ्याला किंवा नृपतुंग बेट्टाला जायचे तर गाडी काढून शहरातून जा-ये करण्यात तास जातो, आणि आठ वाजता पाळी असणाऱ्याला तो परवडत नाही. आणि इथे, वस्तीच्या मधोमध, भिंतीच्या आत, आपल्या शाळेचे मैदान पहाटे रिकामे असते. फाटकाला कुलूप.

आमची मागणी एवढीच की पहाटे साडेपाच ते सात हे फाटक उघडे असावे. आम्ही मोजले आहे. मैदानाची एक फेरी सुमारे १८० मीटर भरते, म्हणजे पाच किलोमीटरला अठ्ठावीस फेऱ्या. कंटाळवाणे आहे, कबूल. घाण्याच्या बैलाची आठवण होईल. पण घाण्याच्या बैलाला ट्रक लागत नाही.

दोन विश्वस्तांशी आम्ही तोंडी बोललो. त्यांचे आक्षेप आम्हाला पोकळ वाटले नाहीत, म्हणून ते इथे मांडतो. कुणी मैदानावर पडला, कुणाला काही झाले, तर जबाबदार कोण? यावर आम्ही प्रत्येकाकडून लेखी द्यायला तयार आहोत, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही हे आम्हालाही कळते. प्रथमोपचाराची पेटी आणि दोघांना तरी छाती दाबून श्वास चालू ठेवण्याचे शिक्षण, एवढे आम्ही आमच्या खर्चाने करू. ते शिक्षण शाळेतल्या शिक्षकांनाही मिळाले तर वाईट नाही. दुसरा आक्षेप, आज पालक येतील, उद्या बाहेरचे येतील, परवा रात्री पत्ते कुटणारे येतील. हे इतरत्र झालेले आहे. म्हणून फाटकावर नावांची वही, आणि सातला कुलूप. तिसरा, पहारेकऱ्याला दीड तास जास्त थांबावे लागेल. त्याचा मोबदला आम्ही वर्गणीतून देऊ. पहारेकरी मामांना विचारले तर ते म्हणाले, मी पाचलाच उठतो, मला चहा पाजा म्हणजे झाले. मोबदला तरीही दिला पाहिजे असे आमचे मत आहे.

चौथा आक्षेप कुणी बोलून दाखवला नाही, पण तो चेहऱ्यावर होता. मैदान मुलांसाठी आहे, मोठ्यांच्या हौसेसाठी नाही. यावर मात्र आम्हाला भांडायचे आहे. मैदान मुलांसाठी आहे तर वापरतात किती मुले? वार्षिक क्रीडास्पर्धा आठवून पाहा. शंभर मीटरला प्राथमिक फेरी होते, आठजण निवडले जातात, तिघांना बक्षीस, आणि बाकीची सारी शाळा चुन्याच्या रेघेबाहेर बसून टाळ्या वाजवते. आम्ही अकराच्या अकराजण त्या रेघेबाहेर बसणाऱ्यांतले. 'तुला पळता येत नाही' हे आम्हाला दहाव्या-अकराव्या वर्षी कळले ते तिथेच, आणि ते खोटे होते हे कळायला तीस वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज साठ मिनिटे अंगमेहनतीचा खेळ सांगते. आपल्या वेळापत्रकात आठवड्याला पी. टी.चे दोन तास आहेत, आणि परीक्षा जवळ आली की ते गणिताला जातात. अर्थात गणितही महत्त्वाचेच. आमच्यातल्या दहावीच्या पालकांनीच ते तास मागून घेतले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

म्हणून मागणीला एक जोड आहे. यंदाच्या स्पर्धांत एक दौड अशी ठेवावी की जिला नंबर नाही, प्राथमिक फेरी नाही, घड्याळ नाही. पाचवीच्या पुढची सगळी मुले, ज्यांना हवे ते पालक आणि शिक्षक. दहा फेऱ्या. दम लागला तर चालायचे. विश्वस्तांपैकी कुणी आले तर आम्ही त्यांच्या वेगाने पळू, हे वचन देतो.

शनिवारच्या पालकसभेत चौथ्या क्रमांकाचा विषय हाच आहे. सभा साडेदहाची आहे, म्हणजे अकराला सुरू होईल. काकांच्या हाताची पट्टी त्याआधी दोन दिवस सुटणार आहे. त्यांनी बूट धुऊन वाळत घातले आहेत आणि काकूंनी ते एकदा उचलून माळ्यावर टाकले, ते त्यांनी पुन्हा काढले. फाटक उघडले तर ते सोमवारी येणार आहेत. नाही उघडले, तर काकू त्यांना सोडणार नाहीत.